खोट्या शस्त्रक्रियेची वकिली

दिवाळी अंकात आजारपणाची रड गाऊ नये, असा एक संकेत आहे आणि एरवी मी तो पाळते. चकली मोडता मोडता कोणी माणसाच्या कवटीला पाडलेल्या भोकांविषयी वाचावे, अशी माझी मुळीच इच्छा नाही. पण नाइलाज आहे. ज्या गोष्टीशी मला भांडायचे आहे, ती आमच्या घरी दर वर्षी नेमकी दिवाळीतच येते. वसुबारसेच्या सुमारास न्यू जर्सीहून पुतण्याचा फोन येतो, पाठोपाठ मोबाईलवर एखादी चित्रफीत येते, आणि तीत कोणी गोरा गृहस्थ, ज्याच्या हातातला पेला कालपरवापर्यंत हिंदकळत होता, तो आज समुद्रकाठाने झपझप चालताना दिसतो. “काकू, बघितलंत? जीन थेरपी! आता काकांचे हात थांबणार!” मग दोन दिवस घरात निराळाच उजेड पडतो. आमचे ‘हे’ दुपारची झोप सोडून ती फीत पुनःपुन्हा पाहतात. भाऊबीजेला आलेल्या नणंदा डोळे टिपतात. आणि मी जर विचारले, “किती जणांवर हा प्रयोग झाला, ते कुठे लिहिलंय का?” तर सगळे माझ्याकडे असे पाहतात, की जणू तेवत्या पणतीवर मीच फुंकर घातली!

ती फुंकर आज मी जाहीरपणे घालणार आहे. मात्र आशेवर नव्हे. आशेवर माझा राग नाही. आशा ज्या भावाने आणि ज्या मापाने विकली जाते, त्यावर आहे.

ह्यांना कंपवात जडल्याला चौदा वर्षे झाली. हे सरकारी खात्यात ड्राफ्ट्समन होते. पट्टीशिवाय रेघ मारावी ती ह्यांनी! म्हणूनच पहिले लक्षण आमच्या ध्यानात आले ते हात कापण्याचे नव्हे, अक्षर बारीक होण्याचे. वाण्याच्या यादीत ‘तूरडाळ’ ठसठशीत असे आणि ‘हिंग’ लिहीपर्यंत अक्षर मुंगीएवढे होई. लंडनच्या जेम्स पार्किन्सनने १८१७ साली ह्या रोगाचे वर्णन लिहिले, तेव्हा त्याच्यापुढे अवघी सहा माणसे होती. त्यांतली काही तर त्याने रस्त्यात चालतानाच पाहिलेली. आज ह्या रोगाला त्याचेच नाव आहे. मेंदूच्या बुडाशी काळसर पेशींचा एक लहानसा पुंजका असतो. तो डोपामिन नावाचे द्रव्य तयार करतो. त्या पेशी हळूहळू मरतात, द्रव्य आटते, आणि माणसाचे शरीर त्याचे ऐकेनासे होते. गोळ्यांनी डोपामिनची भरती होते. पण वर्षे सरतात तशी भरती-ओहोटी जोरात येऊ लागते, आणि घरातले घड्याळ गोळ्यांच्या वेळांवर चालू लागते.

आता ही जीन थेरपी म्हणजे काय, ते स्वयंपाकघरातल्या भाषेत सांगते. एक निरुपद्रवी विषाणू घ्यायचा. त्याच्या पोटातले त्याचे स्वतःचे सारण काढून टाकायचे आणि तिथे आपल्याला हवे ते जनुक भरायचे. पारी विषाणूची, सारण आपले, अशी ही करंजी! मग कवटीला भोक पाडून, बारीक नळीने, असल्या अब्जावधी करंज्या मेंदूच्या नेमक्या जागी सोडायच्या. विषाणूला पेशीत शिरण्याची विद्या उपजत असते. तो आत शिरतो आणि पेशी त्या नव्या जनुकाबरहुकूम कामाला लागते. कोणी डोपामिन घडवणाऱ्या विकराचे जनुक भरतात, कोणी पेशींना जगवणाऱ्या पोषक द्रव्याचे, तर कोणी मेंदूत फाजील गडबड करणाऱ्या केंद्राला शांत करणारे. आमच्या नातेवाइकांचा समज असा, की ह्यांचे जनुक नासले आहे आणि ते बदलून मिळणार आहे. म्हणून मुलगा मला हळूच विचारतो, “आई, मलाही होईल का गं?” ह्या रोगाच्या फार थोड्या रुग्णांत, शंभरात दहा-पंधरांत, आनुवंशिक कारण सापडते. बाकीच्यांत बिघडलेले जनुक बदलण्याचा प्रश्नच नसतो. जनुक तिथे औषधाच्या कारखान्यासारखे बसवायचे असते. कल्पना सुंदर आहे. मी एकतीस वर्षे मुलींच्या शाळेत शास्त्र शिकवले. अशी कल्पना ऐकून माझा ऊर भरून येत नाही असे कोणी समजू नये.

पण १८ ऑगस्ट २००३ रोजी न्यूयॉर्कमध्ये पार्किन्सनच्या पहिल्या रुग्णाच्या मेंदूत असे जनुक सोडले गेले. त्याला आता दोन दशके उलटून गेली, आणि हे लिहीपर्यंत ह्या रोगावरची एकही जीन थेरपी जगाच्या पाठीवर कुठे विक्रीसाठी मंजूर झालेली नाही. मधल्या काळात ‘क्रांतिकारक शोध’ मात्र दर दिवाळीला लागतो आहे. हे असे का, ते मला माझ्याच घरात कळले. कळायला पुष्कळ पैसे पडले.

२०१८ साली आमच्या शहरातल्या एका चिकित्सालयाची माहिती ह्यांच्या भिशीतल्या एका मित्राने आणली. मूळपेशी आणि ‘जनुकांना उत्तेजन’ असा काहीतरी दुहेरी उपचार होता. तीन वेळा शिरेतून औषध, साडेचार लाख रुपये, आणि भिंतीवर बऱ्या झालेल्या माणसांची छायाचित्रे. मी शास्त्राची शिक्षिका. मी निदान प्रश्न तरी विचारायला हवे होते. मी विचारला तो एकच, “दुखणार तर नाही ना?” ठेव मोडली. उपचार झाला. आणि काय सांगू, चौथ्या दिवशी ह्यांनी सदऱ्याची गुंडी स्वतः लावली! आठवड्याभरात हे खालच्या चौकापर्यंत एकटे जाऊन वर्तमानपत्र घेऊन आले. अक्षरसुद्धा मोठे झाले. हे मी ऐकीव सांगत नाही. माझ्या डोळ्यांनी पाहिलेले आहे.

हा हर्ष सहा आठवडे टिकला. त्या सहा आठवड्यांत मी कोणाकोणाला फोन केले, त्याची यादी माझ्यापाशी आहे, आणि ती मला अजून झोपू देत नाही. चौघांना मी सांगितले, “जा, डोळे मिटून जा.” त्यांतले तिघे गेले. एकाने सोसायटीचे कर्ज काढले. त्याचा मुलगा तेव्हा नुकता नोकरीला लागला होता, हप्ते त्याच्या पगारातून जाऊ लागले. सातव्या आठवड्यात ह्यांचा हात पूर्वीसारखा कापू लागला. दरम्यान बरे वाटते म्हणून ह्यांनी आपल्याच मनाने दुपारची गोळी अर्धी केली होती. एके दिवशी न्हाणीघरात पडले आणि मनगट मोडले. चिकित्सालयात विचारले, तर उत्तर आले की आणखी दोन मात्रा घ्याव्या लागतील. मी त्या लोकांना लबाड म्हणते. पण त्यांची फुकटची दलाल मी झाले, हे कोणाला सांगू? माझ्या साक्षीवर त्यांनी तीन गिऱ्हाइके मिळवली, आणि माझी साक्ष खरी होती! गुंडी लागली होती. ती कशामुळे लागली, एवढेच मला ठाऊक नव्हते.

ते मला पुढे वाचून कळले. २००१ साली कॅनडात व्हँकूव्हरच्या संशोधकांनी पार्किन्सनच्या रुग्णांना, औषध मिळण्याची शक्यता आहे असे सांगून, नुसते मिठाचे पाणी टोचले आणि मेंदूची छायाचित्रे काढली. रुग्णांच्या मेंदूत खरोखर डोपामिन सुटले होते! भास नव्हे, भ्रम नव्हे. तेच द्रव्य, जे ह्या रोगात आटते. बरे वाटण्याची अपेक्षा हीच मेंदूत डोपामिनच्या रूपाने उतरते. म्हणजे इतर रोगांत आशा मनाला धीर देत असेल, पण ह्या एका रोगात ती थोडा वेळ चक्क औषधाचेच काम करते. पुढे २०१० साली त्याच शहरात रुग्णांना निरनिराळ्या शक्यता सांगून पाहिल्या. ज्यांना शंभर टक्के खात्री दिली त्यांच्यात नव्हे, तर ज्यांना ‘पंचाहत्तर टक्के शक्यता आहे’ असे सांगितले त्यांच्यात डोपामिन ठळकपणे सुटले. लॉटरीचे तिकीट विकणाऱ्याला हे शास्त्र न शिकता कळत असावे. आणि २०१५ साली अमेरिकेत सिनसिनाटीच्या डॉक्टरांनी बारा रुग्णांना दोनदा मिठाचे पाणी टोचले. एकदा सांगितले, औषधाची किंमत शंभर डॉलर. एकदा सांगितले, पंधराशे डॉलर. महागडे पाणी अधिक गुणकारी ठरले! हे वाचले त्या रात्री मी आमच्या साडेचार लाखांच्या पावतीकडे निराळ्या नजरेने पाहिले. औषध ती पावतीच होती.

ज्या रोगात आशा स्वतःच सहा आठवडे पुरेल इतके औषध तयार करते, त्या रोगात बऱ्या झालेल्या माणसाची साक्ष कवडीमोलाची आहे. चित्रफितीतला माणूस खोटे बोलत नाही. तो खरेच चालतो आहे. पण तो जनुकाने चालतो की आशेने, हे तो स्वतः सांगू शकत नाही, त्याची बायको सांगू शकत नाही, आणि त्याचा डॉक्टरही सांगू शकत नाही. सातवीच्या मुलींना मी दर वर्षी घेवड्याच्या दोन कुंड्या करायला लावत असे. एक खिडकीत, एक कपाटात. माती तीच, पाणी तेवढेच. एखादी चुणचुणीत मुलगी म्हणे, “बाई, कपाटातलं रोप बिचारं पिवळं पडेल, त्याला कशाला ठेवायचं?” मी म्हणे, “त्याच्याशिवाय खिडकीतल्या रोपाला कशानं बळ आलं ते कसं कळणार?” हे मी मुलींना शिकवले आणि स्वतःच्या घरी विसरले.

माणसाच्या बाबतीत ती कपाटातली कुंडी म्हणजे खोटी शस्त्रक्रिया. काही रुग्णांना भूल देतात, डोके चौकटीत बसवतात, कवटीवर भोकही पाडतात, मात्र ते मेंदूपर्यंत नेत नाहीत. आत काहीही सोडत नाहीत आणि टाके घालतात. कोणाला खरे मिळाले आणि कोणाला खोटे, हे रुग्णालाही ठाऊक नसते आणि नंतर त्याला तपासणाऱ्यालाही नसते. आमच्या शेजारचे एक निवृत्त प्राध्यापक हे ऐकून संतापले. “हा खाटीकपणा आहे,” म्हणाले. “आजारी माणसाचं डोकं फोडायचं आणि आत काही घालायचं नाही!” त्यांचा आक्षेप हलका नाही. १९९९ साली अमेरिकेतल्या रूथ मॅक्लिन ह्या नीतिशास्त्राच्या अभ्यासक बाईंनी वैद्यकातल्या एका नामांकित नियतकालिकात तोच आक्षेप मांडला होता. ज्यात रुग्णाचा काडीचाही लाभ नाही असा धोका डॉक्टरने त्याच्यावर लादावा काय? भुलेचा धोका, जंतूंचा धोका, आणि वर एक कबूल केलेली फसवणूक. मी पुष्कळ दिवस त्यांच्या बाजूने होते. फसवणूक हा शब्दच बायकांना रुचत नाही.

पण त्या खोट्या भोकांनी काय केले, ते पाहा. २००८ साली अमेरिकेतून एक बातमी आली. पेशींना जगवणाऱ्या न्यूरट्युरिन नावाच्या द्रव्याचे जनुक बारा रुग्णांच्या मेंदूत सोडले होते. वर्षभरात त्यांच्या हालचाली तिसऱ्या हिश्शाहून अधिक सुधारल्या. ह्या बाराही जणांना आपल्याला खरे औषध मिळाले हे ठाऊक होते. तिथे दुसरी कुंडी नव्हती. तिथेच थांबले असते तर? तर आज हे औषध बाजारात असते, आणि आपण घरे गहाण टाकून ते घेतले असते. सुदैवाने ते थांबले नाहीत. अठ्ठावन्न रुग्ण घेतले. अडतीस जणांना जनुक, वीस जणांना खोटी शस्त्रक्रिया. २०१० साली निकाल आला. वर्षाच्या शेवटी दोन्ही गट सुधारले होते, आणि जवळजवळ सारखेच! मग मेंदूच्या आणखी खोल जागी जनुक सोडून एक्कावन्न जणांवर पुन्हा चाचणी केली. तीही नापास. पुढे आठ-दहा वर्षांनी त्यांतल्या दोघा दिवंगत रुग्णांचे मेंदू तपासले, तेव्हा दिसले की ते जनुक अजूनही तिथे काम करत होते, पण मोजक्याच जागेत. आजारी मज्जातंतूंनी ते द्रव्य पुढे वाहूनच नेले नव्हते. पोस्टमन पत्र घेऊन वाड्याच्या दिंडीपर्यंत आला, पण आतल्या बिऱ्हाडांपर्यंत ते कोणी पोचवलेच नाही. हे ज्ञान त्या वीस जणांच्या डोक्यावरच्या निष्फळ भोकांतून आले. त्यांची नावे आपल्याला कळणार नाहीत. जगातल्या हजारो कुटुंबांच्या ठेवी त्यांनी वाचवल्या आहेत.

त्याही आधी, २००१ साली, मेंदूत गर्भपेशी बसवण्याची अशीच एक चाचणी प्रसिद्ध झाली होती. चाळीस रुग्ण, वीस खरे, वीस खोटे. नंतर त्यांच्यापैकी तिसांची विचारपूस केली, तेव्हा आढळले की वर्षभरानंतर ज्यांना ‘आपल्याला खऱ्या पेशी मिळाल्या’ असे वाटत होते ते अधिक सुखी होते, मग त्यांना प्रत्यक्षात काहीही मिळालेले असो. आणि खऱ्या पेशी मिळालेल्यांपैकी काहींना पुढे अंगाच्या अनावर वेड्यावाकड्या हालचाली जडल्या, ज्या गोळ्या कमी करूनही थांबेनात. खोटे भोक मिळालेले सुदैवी ठरले! प्राध्यापकमहाशयांना मी हे सांगितले. ते म्हणाले, “योगायोग.” असो.

खोटी शस्त्रक्रिया खरे काही असेल तर तेही दाखवते. २०११ साली मेंदूतल्या गडबडीच्या केंद्राला शांत करणाऱ्या जनुकाची अशीच चाचणी झाली. सहा महिन्यांनी खोट्या शस्त्रक्रियेचे रुग्ण सुमारे तेरा टक्क्यांनी सुधारले, आणि खऱ्याचे तेवीस. त्या तेवीसमधले तेरा आशेचे, उरले दहा. पण ते दहा जनुकाचे होते, आणि मला ते दहा कुठल्याही चित्रफितीपेक्षा मौल्यवान वाटतात, कारण त्यांचा हिशेब चोख आहे. पुढच्याच वर्षी त्या कंपनीचे दिवाळे वाजले. (दिवाळीला आमच्याकडे बातमी आली नाही.) उपचार मात्र मेला नाही, दुसऱ्या कंपनीने तो उचलला आणि त्यावर अजून काम चालू आहे. शिवाय पेशींना पोसणाऱ्या आणखी एका द्रव्याच्या जनुकाची, ऐंशीच्या वर रुग्णांवरची चाचणी अलीकडेच अमेरिकेत आणि युरोपात सुरू झाली. तिच्यातही खोटी शस्त्रक्रिया आहे. ते वाचून मला हायसे वाटले.

मी निराशावादी असते तर तैवानमधल्या त्या मुलांची गोष्ट दडवली असती. काही मुले डोपामिन घडवणारे विकरच नसलेली जन्मतात. त्यांना मान धरता येत नाही, बसता येत नाही. त्यांच्या मेंदूत ते एक जनुक सोडले, आणि त्यांच्यातली काही मान धरू लागली, काही बसू लागली. २०२२ साली युरोपात आणि २०२४ साली अमेरिकेत ह्या उपचाराला मंजुरी मिळाली. तिथे खोट्या शस्त्रक्रियेची गरज पडली नाही, कारण असले मूल उपचारावाचून आपोआप उठून बसल्याचे कोणी पाहिलेले नाही. पण त्या मुलांच्या पेशी जिवंत होत्या. एका जनुकाचीच वाण होती. ह्यांच्या पेशी मरत आहेत, आणि हात कापू लागला तेव्हाच त्यांतला मोठा हिस्सा गेलेला होता. त्या मुलांची बातमी आमच्या पुतण्याने ‘काकांसाठी’ म्हणून पाठवली होती. तेच जनुक पार्किन्सनवर वापरण्याच्या एका अमेरिकी चाचणीत २०२०च्या डिसेंबरात काही रुग्णांच्या मेंदूच्या छायाचित्रांत अनपेक्षित बदल दिसले आणि ती थांबवावी लागली, हे मात्र त्याने पाठवले नाही. त्याला ते ठाऊकच नव्हते. नापास झालेल्या चाचणीची चित्रफीत कोण काढतो?

लोक म्हणतात, “आशेनं कोणाचं काय बिघडतं?” आमचे मनगट बिघडले. त्या चौघांतल्या एकाच्या मुलाचे लग्न कर्ज फिटेपर्यंत लांबले. आणि जे रोज करायचे ते राहून जाते, हे सर्वांत वाईट. गोळी अर्धा तास जेवणाआधी, घड्याळ लावून द्यायची. सकाळी चालायला न्यायचे. मोठ्याने वाचायला लावायचे, म्हणजे आवाज बसत नाही. पुण्यात पार्किन्सन मित्रमंडळासारखी माणसे जमतात, तिथे घेऊन जायचे. ह्यात बातमी कसलीच नाही. न्यू जर्सीहून चित्रफीत पाठवायला एक क्षण लागतो. संध्याकाळी काकांना फोन करून अर्धा तास मोठ्याने बोलायला लावायला अर्धा तास लागतो. मी पुतण्याला हे बोलून दाखवले तेव्हा त्याला राग आला. मग चार दिवसांनी त्याने फोन केला, आणि आता दर रविवारी करतो. मुलगा वाईट नाही.

भारतीय वैद्यक संशोधन परिषदेने २०१७ साली मूळपेशींसाठी आणि २०१९ साली जीन थेरपीसाठी मार्गदर्शक नियम काढले. पार्किन्सनवर मूळपेशींचा उपचार पैसे घेऊन विकणे त्या नियमांत बसत नाही. चाचणीत सामील होणाऱ्याने पैसे भरायचे नसतात. आम्ही उपचार घेतला तेव्हा पहिले नियम छापून झाले होते. ते कोणी भिंतीवर लावले नव्हते. छायाचित्रे लावली होती.

हा लेख मी ह्यांना वाचून दाखवला. आता ह्यांना स्वतः वाचणे जड जाते, ओळ सुटते. सगळे ऐकून घेतले आणि थोड्या वेळाने म्हणाले, “असली चाचणी आपल्याकडे आली तर मी नाव देईन.”

“खोटं भोक मिळालं तरी?”

“तेच मिळणार असं धरूनच. तू एवढं लिहिलंस ना त्या वीस जणांबद्दल?”

मला एकदम काही सुचले नाही. बहात्तर वर्षांचे डोके, त्याला चौकट, भूल, आणि आत काही नाही. प्राध्यापकांना मी किती सहज उत्तर दिले होते! मी म्हटले, “अहो, त्या वयाला घेत नसतील.”

“मी वयाचं विचारलं नाही,” हे म्हणाले. “घरच्या माणसाची सही लागत असेल ना? तू करशील का, ते विचारतोय.”

ह्या गोष्टीला आठ दिवस झाले. मी अजून उत्तर दिलेले नाही.